धाकटीचं साधं ‘नाही’

चौघी बहिणींत ती शेवटची, म्हणून घरात तिला धाकटी म्हणत. मग गल्ली म्हणू लागली, मग शाळा. पुढे ती क्रेन चालवायला शिकायला गेली, तेव्हा पहिल्याच दिवशी आईने फाटकाबाहेरून हाक मारली, "धाकटे, पाण्याची बाटली राहिली गं!" झालं. तिथेही तेच नाव चिकटलं.

अंगाने काडी, उंची बेताची, आणि शिकायला काय निघाली तर क्रेन. लोक हसायचे. पण त्यामागे कारण होतं. तिच्या आईचं इस्त्रीचं दुकान होतं. दुकान कसलं, घराचीच पुढची खोली. तिथे कपड्यांच्या घड्या घालता घालता धाकटीला समोरच्या इमारतीचं बांधकाम दिसायचं. एक दिवस तिने पाहिलं की एक भलामोठा काँक्रीटचा ठोकळा आकाशातून हळूहळू उतरला आणि झोपलेलं मूल गादीवर ठेवावं तसा अलगद टेकला. खाली धूळसुद्धा उडाली नाही. त्या दिवसापासून तिच्या डोक्यात दुसरं काही राहिलंच नाही.

वडील बस डेपोत मेकॅनिक. सगळं आयुष्य इंजिनांच्या गोंगाटात गेल्यामुळे ते घरातही ओरडूनच बोलत. त्यांनी मीठ मागितलं तरी शेजारी दचकत. "बायकांचं काम आहे का ते?" असं ते ओरडले तेव्हा समोरच्या इमारतीवरचे गवंडीसुद्धा वळून बघायला लागले. आईची तऱ्हा उलटी. ती बोलतच नसे. राग आला की इस्त्री जरा जोरात टेकवायची, बस्स. त्या घरात म्हणणं मांडायच्या दोनच रीती होत्या: घसा फाडायचा, नाहीतर तोंड शिवायचं. थोरल्या दोघी वडिलांवर गेल्या होत्या, तिसरी आईवर. धाकटीला दोन्ही यायचं. बाहेर मूग गिळून बसायची आणि घरी येऊन भांडी आपटायची.

प्रशिक्षण केंद्र गावाबाहेर होतं. मोकळं मैदान, मधोमध एक जुनी पिवळी क्रेन, उचलायला शिकण्यासाठी काँक्रीटचे ठोकळे, आणि कडेला पत्र्याची शेड, तोच वर्ग. शिकवणारे उस्ताद. सगळी उमर त्यांनी बंदरावर क्रेन चालवण्यात घालवली होती, आणि डाव्या हाताची दोन बोटं अर्धीच उरली होती. ती कुठे गेली हे कोणी विचारायचं नाही आणि विचारलं तरी ते सांगायचे नाहीत. त्यांचा एक कायदा होता. रिकामा हुक कोणीही हलवावा, पण हुकाला वजन लावून क्रेन फक्त त्यानेच चालवायची ज्याला तक्ता वाचता येतो.

तक्ता म्हणजे क्रेनच्या केबिनमध्ये लावलेला आकड्यांचा फलक. क्रेनचा हात किती लांब केला तर ती किती वजन पेलेल, हे त्यावर लिहिलेलं असतं. हात जवळ असेल तर ती हत्तीएवढं उचलते, लांब केला की बकरीएवढंही जड होतं. वाचायला सोपं वाटतं, पण जागेवर, वारा सुटलेला असताना, खालून माणसं घाई करत असताना तो बिनचूक वाचणं म्हणजे सोपी गोष्ट नाही. धाकटीला तो सगळ्यांच्या आधी जमला. उस्तादांचा दुसरा कायदा असा, की ज्याला आधी जमेल त्याने मागे राहिलेल्यांना शिकवायचं.

"तिघं मागे आहेत," ते म्हणाले. "दुपारी शेडमध्ये घे त्यांना. कोण तयार झालं ते तू मला सांगायचं. तू तयार म्हणशील तो वर चढेल."

"मी? उस्ताद, ते माझं ऐकणार नाहीत."

"मग ऐकायला लाव," असं म्हणून उस्ताद चहा प्यायला गेले.

ते तिघं कोण, तेही सांगायला हवं. पहिला पैलवान. ढगाएवढा माणूस. वयाने तिच्यापेक्षा बराच मोठा, आणि क्रेनवर मदतनीस म्हणून कितीतरी वर्षं काम केलेला. आता नियम बदलले होते, लायसन्सशिवाय कोणी दारात उभं करत नव्हतं, म्हणून नाइलाजाने शिकायला आलेला आणि परीक्षेत दोनदा आपटलेला. दुसरा गप्प्या. तो नावासारखाच. समजलं का विचारलं की मान डोलवायचा, न समजलं तरी डोलवायचा. तिसरा भाचेसाहेब. त्याला ‘साहेब’ हे शेपूट पोरांनी चिडवायला लावलं होतं, पण त्याला ते खरंच मानाचं वाटायचं. त्याचे मामा मोठे ठेकेदार. केंद्रातली क्रेन मामांनी दिलेली, डिझेल मामांचं, आणि शिकून बाहेर पडणाऱ्यांना कामावर घेणारेही मामाच. आता अशा भाच्याला तक्ता कशाला हवा!

पहिल्या दुपारी धाकटी फळ्यापाशी उभी राहिली, तेव्हा पैलवानाने दोन्ही पाय समोरच्या बाकावर टाकले. बुटांचे तळवे बरोबर तिच्या तोंडासमोर.

"बोल पोरी," तो म्हणाला, "काय शिकवतेस? मी क्रेनवर होतो तेव्हा तू दुधाच्या दातांची होतीस."

भाचेसाहेब मोबाईलवर मोठमोठ्याने कोणाशी तरी गप्पा मारत होता. गप्प्या मान डोलवत होता, अजून कोणी काही शिकवलंच नव्हतं तरी. धाकटीने आईची रीत धरली. तोंड शिवलं, फळ्यावर आकडे लिहिले, कोणी पाहिले नाहीत, पुसले आणि निघून आली.

दुसऱ्या दिवशी तिने वडिलांची रीत काढली. "पाय खाली घ्या! फोन बंद कर! लाज वाटते का काही?" तिचा आवाज इतका चिरका फुटला की पत्रा झणझणला. ते तिघंही हसत सुटले. गप्प्यासुद्धा. पैलवान डोळे पुसत म्हणाला, "अगं, जरा तेल घाल की गळ्यात! करकरतोय."

त्या संध्याकाळी घरी भांडी आपटली गेली. आईने न बोलता एक कपबशी तिच्या हातातून काढून घेतली, ती तेवढी वाचली.

तिसऱ्या दिवशी सकाळी रिकाम्या हुकाचा सराव होता. पैलवान वर केबिनमध्ये आणि धाकटी खाली खुणा करायला. केबिनमधून हुकाखालचं नीट दिसत नाही, म्हणून खालच्या माणसाने वॉकीटॉकीवर सांगायचं आणि वरच्याने तसं करायचं. "डावीकडे," धाकटी म्हणाली. हात डावीकडे वळला. "हळू. आणखी. खाली घ्या. थांबा." हुक थांबला. "वर घ्या. थांबा." पुन्हा थांबला.

एवढा डोंगरासारखा माणूस, आणि तिच्या शब्दासरशी चालत होता, थांबत होता. ना पोरी म्हणत होता, ना हसत होता. धाकटी वॉकीकडे बघतच राहिली. हा तोच पैलवान आणि मीही तीच. मग बदललं काय? तिने तिथेच उभ्याउभ्या विचार केला आणि तिच्या लक्षात आलं की वॉकीवर ती विनवण्या करत नाही आणि टोमणेही मारत नाही. समोर काय आहे आणि काय करायचं, एवढंच सांगते. आवाज चढत नाही की पडत नाही. हा आवाज तिच्याकडे होताच, पण तो फक्त मैदानात वापरायचा असतो असं तिला वाटत होतं.

दुपारी ती शेडमध्ये आली. बूट बाकावर होतेच.

"पैलवान," ती म्हणाली, सकाळच्याच आवाजात, "तुमचे पाय माझ्या तोंडासमोर आहेत. असं असताना मला शिकवता येत नाही. ते खाली आले की मी सुरू करेन. तोवर मी पायरीवर बसते. आणि मला पोरी म्हणू नका. धाकटी म्हणा."

"आणि नाही घेतले पाय खाली तर?"

"तर मी पायरीवर आहे."

ती खरंच जाऊन पायरीवर बसली. रागाने नव्हे, फुगूनही नव्हे, बस थांब्यावर बसावं तशी. ती दुपार तशीच गेली. दुसरी दुपारही गेली. आत पैलवान शिट्टी वाजवत होता. मध्येच भाचेसाहेबाने डोकं बाहेर काढून विचारलं, "रुसलीस का गं?" ती म्हणाली, "नाही. वाट बघतेय." उद्या उस्तादांनी विचारलं तर काय सांगायचं, हे लोक आपल्याला आयुष्यभर हसतील का, सगळं मनात येत होतं. पण उठून आत जाऊन गोड बोलावं असं एकदाही वाटलं नाही. ते तिने ठरवून बंद केलं होतं.

त्यानंतरच्या दुपारी शिट्टी थांबली. मग दाराशी सावली पडली. केवढी मोठी, हे सांगायला नको.

"खाली घेतलेत," पैलवान म्हणाला. "चल."

आत गेल्यावर तो बाकावर बसला आणि फळ्याकडे न बघता पुटपुटला, "मला सगळं येतं गं. फक्त कोणी विचारलं की येत नाही. आकडे दिसले की डोकं बंद पडतं."

"मग आज आकडे नकोत," धाकटी म्हणाली. तिने नळाखाली बादली भरली आणि त्याच्या हातात दिली. "छातीशी धरा. जड आहे?"

"हॅ! ही काय जड?"

"आता हात सरळ पुढे करा. पूर्ण."

त्याने केला. पैलवानच तो, बादली हलेना. भाचेसाहेब टाळ्या वाजवायला लागला. धाकटी म्हणाली, "हाताकडे नका बघू. पायांकडे बघा."

पैलवानाने खाली पाहिलं. त्याच्या पायांची बोटं जमिनीत रुतली होती आणि तो नकळत कंबरेतून मागे झुकला होता.

"तुमचा हात मोडणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही पालथे पडाल. क्रेनचंही तसंच होतं. तिचा हात तुटत नाही, ती अख्खी उलटते. ती कधी उलटेल, तेवढंच तक्ता सांगतो."

पैलवानाने बादली खाली ठेवली. मग म्हणाला, "माझ्यासमोर उलटली होती एक. मालक म्हणाला होता, ‘उचल, काही होत नाही.’ चालवणाऱ्याला तक्ता येत नव्हता आणि मलाही नव्हता." पुढे काय झालं ते त्याने सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. त्या दिवसापासून तो रोज सगळ्यांच्या आधी येऊन बसू लागला. आकडे त्याला वॉकीवर बोलल्यासारखे मोठ्याने म्हणून दाखवले की कळायचे. मग ते दोघं शेडच्या दोन टोकांना उभं राहून एकमेकांना तक्ता ओरडून सांगायचे. बाहेरून जाणाऱ्याला वाटे, आत वेड्यांचा बाजार भरलाय.

गप्प्याचं काम निराळं. त्याच्याशी भांडण नव्हतंच. ती त्याला म्हणाली, "तू मान डोलवलीस की मला वाटतं तुला कळलं आणि मी पुढे जाते. मग तू मागे राहतोस आणि मला ते कळतच नाही. यापुढे मी ‘कळलं का’ विचारणारच नाही. ‘काय कळलं’ ते तू मला सांगायचंस." तो घामाघूम झाला. पण सांगायला लागला. चुकीचं सांगायचा, मग थोडं बरोबर, मग बरंचसं बरोबर.

राहिला भाचेसाहेब. त्याला बादली धरायची नव्हती आणि आकडेही ओरडायचे नव्हते. तो येईनासाच झाला. आणि एक दिवस फाटकाजवळच्या चहाच्या टपरीपाशी तिला गाठून गोडीगुलाबीने म्हणाला, "तू माझ्या बहिणीसारखी. उस्तादांना सांगून टाक ना, हा तयार आहे म्हणून. तुझं काय जातंय?"

"तुला तक्ता वाचता येत नाही," धाकटी म्हणाली. "आला की सांगेन."

"मला कुठे आयुष्यभर क्रेन चालवायचीय? मी ऑफिसात बसणार. नुसतं लायसन्स हवं."

"असेल. पण तुला तक्ता वाचता येत नाही. आला की त्याच दिवशी सांगेन."

"उस्तादांना सांगितलंस तर मामांकडे तुझी नोकरी पक्की होईल. नाही सांगितलंस तर काय होईल, तेही कळतं ना तुला?"

"कळतं. तक्ता आला की सांगेन. उद्या दुपारी ये, मी तुला एकट्याला शिकवते."

तो चहा अर्धा टाकून निघून गेला. आणि आठवड्याभरात मैदानात कुजबुज सुरू झाली. धाकटीला मास्तरीण केलं त्यामागे म्हणे वेगळंच काही आहे. म्हातारा उस्ताद उगीच नाही भाळला. हे तिच्या कानावर गप्प्याने घातलं, खाली मान घालून, आणि कोणाकडून आलं तेही सांगितलं.

घरी जाऊन भांडी आपटायची हीच वेळ होती. पण धाकटी घरी गेली नाही. ती सरळ टपरीवर गेली. तिथे निम्मा वर्ग उभा होता आणि मध्यभागी भाचेसाहेब.

"माझ्याबद्दल आणि उस्तादांबद्दल तू काहीतरी बोललास, असं मी ऐकलं. बोललास का?"

"अरे वा! आल्या मास्तरीणबाई!" तो हसला. बाकीचेही थोडे हसले.

ती हसू ओसरेपर्यंत उभी राहिली. मग तोच प्रश्न त्याच आवाजात पुन्हा विचारला. "बोललास का?"

"गंमत केली गं. तुला गंमतही कळत नाही?"

"म्हणजे बोललास. ते खोटं आहे, हे तुला माहीत आहे. त्याने माझी बदनामी होते आणि एका म्हाताऱ्या माणसाचीही. ते तू इथेच, या सगळ्यांसमोर खोटं होतं म्हणून सांगावंस, असं माझं म्हणणं आहे. नाही सांगितलंस तर मी प्राचार्यांकडे तक्रार करेन. आणि तक्ता शिकायला यायचं असेल तर शेड तुला उघडी आहे. ते वेगळं आणि हे वेगळं."

भाचेसाहेबाने इकडेतिकडे पाहिलं. आता कोणीच हसत नव्हतं. "बरं बाई, खोटं होतं. झालं?" तो म्हणाला.

"झालं," धाकटी म्हणाली आणि स्वतःचा चहा मागवला. तो तिथेच, त्या सगळ्यांमध्ये उभी राहून तिने संपवला.

यानंतर उस्ताद डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेले. आणि नेमके तेव्हाच मामा केंद्र बघायला येणार असं ठरलं. प्राचार्य माणूस वाईट नव्हता, पण मामांच्या गाडीचा हॉर्न ऐकला तरी त्याच्या शर्टाची कॉलर ओली व्हायची. कार्यक्रम असा ठरला की भाचेसाहेब क्रेनवर चढणार, सगळ्यात मोठा ठोकळा उचलून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ठेवणार, आणि मामा टाळ्या वाजवणार.

खुर्च्या मांडल्या होत्या. मामा मधल्या खुर्चीत, भाचेसाहेब आधीच वर केबिनमध्ये. प्राचार्य वॉकी घेऊन धाकटीकडे आले. "तू खाली उभी राहून खुणा कर. भाचेसाहेब तयार आहेत ना?"

"नाही, सर," धाकटी म्हणाली.

प्राचार्यांना वाटलं, आपण चुकून दुसरंच ऐकलं. "म्हणजे?"

"त्याला तक्ता वाचता येत नाही. रिकामा हुक त्याने खुशाल हलवावा. वजन उचलायला तो तयार नाही."

"अगं हळू बोल!" प्राचार्य कुजबुजले. "एकदाच उचलायचंय. मामा बसलेत."

"मामा बसलेत म्हणून ठोकळा हलका होत नाही, सर."

हे मामांनी ऐकलं. ते उठून आले. उंच, पांढरे कपडे, आवाज असा की धाकटीला घरचीच आठवण झाली. "कोण ही? हिला कोणी विचारलं? माझी क्रेन आहे, माझा भाचा आहे. वॉकी घे आणि उभी राहा!"

धाकटीने वॉकी घेतला नाही. "क्रेन तुमचीच आहे," ती म्हणाली, "आणि भाचाही. पण त्या ठोकळ्याखालून चालणार मी आहे. क्रेन किती वजन पेलेल ते त्याला वाचता येत नसताना मी हुकाखाली उभी राहणार नाही. तुम्ही ओरडलात तरी उत्तर हेच आहे."

"मग घरी बस! माझ्याकडे काम मिळेल ही आशा सोड."

"बरं," धाकटी म्हणाली.

नुसतं ‘बरं’. मामांनी बोट पैलवानाकडे वळवलं. "तू ये. तू घे वॉकी."

पैलवान जागचा हलला नाही. त्याला तर काम हवंच होतं, घरी खाणारी तोंडं होती, हे सगळ्यांना माहीत होतं. त्याने धाकटीकडे पाहिलं, मग क्रेनकडे पाहिलं. "मी एकदा बघितलंय उलटलेलं, साहेब," तो म्हणाला. "मी नाही उभा राहणार."

मग बोट गप्प्याकडे गेलं. गप्प्याची मान डोलायला निघालीच होती. ती निम्म्यावर थांबली. "त्याला काय येतं ते आम्हाला कळलेलं नाही," तो अडखळत म्हणाला. "म्हणजे... नाही. मी पण नाही."

बाकीचेही कोणी पुढे आले नाहीत, आणि खाली खुणा करायला कोणी नाही म्हटल्यावर वजन उचलता येत नाही. वर केबिनमध्ये भाचेसाहेब बसून राहिला. शेवटी त्याने रिकामा हुक थोडा डावीकडे-उजवीकडे केला, कोणीतरी दोन टाळ्या वाजवल्या, आणि मामांची गाडी धूळ उडवत गेली. काही पडलं नाही, कोणी दगावलं नाही. म्हणूनच मागाहून पुष्कळ जण म्हणाले की एवढं अडून बसण्यासारखं काय होतं? उचलला असता एकदा. धाकटीपाशी त्यावर दाखवायला पुरावा नव्हता. ती म्हणायची, "काही झालं नाही, हेच तर हवं होतं."

किंमत मात्र चुकवावी लागली. मामांनी त्या तुकडीतलं कोणीच कामावर घेतलं नाही. निम्म्या वर्गाने तिच्याशी बोलणं टाकलं. तुझ्यापायी आमच्या पोटावर पाय आला, असं एकाने तोंडावर सांगितलं. त्याला ती म्हणाली, "तुझं काम गेलं याचं मला वाईट वाटतं. पण पुन्हा तशी वेळ आली तर मी तेच करेन." तो आणखीच चिडला. सगळ्यांचं समाधान करेल असा आवाज अजून कुठे सापडलेला नाही.

घरी वडिलांना कळलं, तेव्हा छप्पर उडायचंच बाकी होतं. "हातातोंडाशी आलेला घास लाथाडलास! मोठी शहाणी! मोठ्या माणसांना उलट उत्तरं देतेस!"

धाकटी स्टुलावर बसली होती. "बाबा," ती म्हणाली, "तुम्ही ओरडता तेव्हा मला शब्द ऐकूच येत नाहीत, नुसतं ओरडणं ऐकू येतं. मला तुमचं म्हणणं ऐकायचं आहे. आवाज खाली आणा, मी इथेच बसलेय."

वडिलांनी मदतीसाठी आईकडे पाहिलं. आईने इस्त्रीचं बटण बंद केलं, हातातला शर्ट बाजूला ठेवला आणि म्हणाली, "माझंही तेच म्हणणं आहे. पुष्कळ वर्षांपासून."

मग वडील खुर्चीत बसले आणि, प्रयत्न करून, खोकत खोकत, हळू आवाजात म्हणाले, "मला काळजी वाटते गं. म्हणून ओरडतो." ते त्यांना सारखं जमलं असं नाही. आजही ते मीठ मागतात तेव्हा शेजारी दचकतात. पण आता आई म्हणते, "हळू." आणि ते हळू होतात.

उस्ताद परतले तेव्हा डोळ्यांवर काळा चष्मा होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, "बरं" म्हणाले आणि प्राचार्यांच्या खोलीत गेले. आत काय बोलणं झालं कोणाला कळलं नाही, दार बंद होतं. भाचेसाहेबाने केंद्र सोडलं. दुसरीकडून कुठूनतरी त्याला लायसन्स मिळालं म्हणतात. तो मामांच्या ऑफिसात बसतो, क्रेनवर चढत नाही, आणि ते एका परीने सगळ्यांच्याच हिताचं आहे. पैलवान तिसऱ्या खेपेला पास झाला. निकाल ऐकून त्याने धाकटीला दोन्ही हातांनी उचललं आणि तिने वरूनच बजावलं, "हात जवळ ठेवा, पैलवान, हात जवळ!"

तिला स्वतःला काम मिळायला फार वेळ लागला. जिथे जाईल तिथे मामांचा शब्द आधीच पोचलेला असे. ती आईच्या दुकानात घड्या घालायची आणि पुन्हा दुसरीकडे विचारायला जायची. शेवटी नदीवरच्या पुलाच्या कामावरच्या मुकादमाने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तूच ना ती, वजन उचलू न देणारी?"

"मी हुकाखाली उभी राहिले नाही. तेवढंच."

"असली माणसं म्हणजे डोकेदुखी," मुकादम म्हणाला आणि तिला ठेवून घेतलं. दुसरं कोणी मिळत नव्हतं म्हणून घेतलं, असं तो आजही चारचौघांत सांगतो. पण अवघड वजन असलं की तिलाच हाक मारतो.

मध्यंतरी उस्ताद निवृत्त झाले आणि प्राचार्यांचा फोन आला. सुट्टीच्या दिवशी येऊन शिकवशील का? मदत होईल. धाकटी म्हणाली, "येईन, सर. पण कोण तयार आहे हे मी ठरवणार, आणि ते बदलून घ्यायला मला कोणी फोन करायचा नाही. हे चालत असेल तर येते." प्राचार्य म्हणाले, "चालेल."

आता ती दर सुट्टीला पत्र्याच्या शेडमध्ये शिकवते. सगळं सुरळीत चाललंय असं मुळीच नाही. सध्याच्या तुकडीत एक ट्रकवाला आहे, तो एवढा बोलतो की दुसऱ्या कोणाला तोंड उघडायला वाव मिळत नाही. तिने त्याला सांगून पाहिलं, पुन्हा सांगितलं. तो म्हणतो, "बरोबर आहे ताई, अगदी बरोबर, त्यावरून आठवलं..." आणि सुरू होतो. त्याचं अजून काही जमलेलं नाही. येत्या सुट्टीला ती त्याला खाली उभं करून हातात वॉकी देणार आहे आणि सांगणार आहे की फक्त चार शब्द वापरायचे: वर, खाली, हळू, थांबा. बघू काय करतो ते.